वेव्हगाइडच्या सिम्युलेशनमध्ये शोषक सीमा कशी बसवावी आणि कशी तपासावी

वेव्हगाइड (पुढे नुसते ‘गाइड’) म्हणजे विद्युतचुंबकीय तरंग वाहून नेणारी नळी. सिम्युलेशनमध्ये ती कुठेतरी संपवावी लागते, आणि तिथे पोहोचलेला तरंग परत फिरू नये म्हणून टोकाला तो शोषून घेणारी सीमा किंवा काही सेल (ग्रिडच्या चौकटी) जाडीचा थर ठेवतात. परावर्तनाच्या आलेखावर ठरावीक अंतराने चढउतार दिसू लागले, की बहुतेक जण आधी शोषक थर जाड करतात. आठ सेलचा थर दहाचा होतो, दहाचा सोळाचा होतो, सिम्युलेशनचा वेळ वाढतो आणि चढउतार जसेच्या तसे राहतात. मोकळ्या जागेतल्या अँटेनांच्या कामातून लागलेली सवय इथे उपयोगी पडत नाही. गाइडमधला तरंग टोकावर सरळ आदळत नाही. तो तिरका आदळतो आणि किती तिरका, हे वारंवारतेनुसार बदलते. शिवाय परावर्तन म्हणून जे दिसते त्यातला बराच भाग शोषक थरातून आलेलाच नसतो. तो स्रोतातून, भिंतीतून किंवा चुकीच्या गणितातून आलेला असतो. म्हणून खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत आणि एका टप्प्याची तपासणी जमल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात लावू नये.

उदाहरणासाठी डब्ल्यूआर-९० हा आयताकृती धातूचा गाइड घेतला आहे: आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर, उंची १०.१६ मिलिमीटर, वापराचा पट्टा ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झ. पद्धत एफडीटीडी, म्हणजे ग्रिडवर काळाच्या पायऱ्यांनी चालणारी. भिंती आदर्श वाहक मानल्या आहेत. ज्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मोड (गाइडच्या छेदावर क्षेत्राने धरलेला ठरावीक आकार) ओळखणारा तयार पोर्ट आहे आणि तो हव्या त्या पट्ट्यात तपासलेला आहे, त्यांनी सरळ तो वापरावा. सगळे हाताने बांधण्यात काही शौर्य नाही.

## टप्पा १: कागदावरचे आकडे

प्रकाशाच्या वेगाला गाइडच्या रुंदीच्या दुपटीने भागले, की टीई१० या सर्वांत खालच्या मोडची कटऑफ वारंवारता, म्हणजे जिच्या खाली तो मोड पुढे सरकत नाही ती, मिळते. इथे ती ६.५५७ गिगाहर्ट्झ आहे. टीई२० ची कटऑफ याच्या दुप्पट, म्हणजे १३.११४ गिगाहर्ट्झ, आणि टीई०१ ची १४.७५ गिगाहर्ट्झ येते. म्हणून वापराच्या पट्ट्यात एकच मोड पुढे सरकतो. बाकीचे मोड क्षयी असतात. जिथे निर्माण होतात तिथल्या आसपासच ते विरून जातात.

यापुढचा हिशेब अनेक जण गाळतात. कटऑफला वारंवारतेने भागावे, त्याचा वर्ग करावा, तो एकातून वजा करावा आणि वर्गमूळ काढावे. या आकड्याला आपण या लेखापुरते ‘गाइड गुणक’ म्हणू. १० गिगाहर्ट्झला तो ०.७५५ येतो आणि त्यातून बाकी सगळे निघते. मोकळ्या जागेतली २९.९८ मिलिमीटरची तरंगलांबी गाइडमध्ये ३९.७१ मिलिमीटर होते, समूह वेग प्रकाशाच्या वेगाच्या ०.७५५ पट राहतो आणि मोडचा प्रतिबाध ४९९ ओहम येतो.

याच गुणकाचा चौथा अर्थ शोषक सीमेसाठी सर्वांत महत्त्वाचा आहे. टीई१० मोड म्हणजे दोन बाजूच्या भिंतींवर आपटत नागमोडी जाणारे दोन सपाट तरंग, असे पाहता येते. गाइड गुणक ही त्यांनी गाइडच्या अक्षाशी केलेल्या कोनाची कोज्या असते. १२.४ गिगाहर्ट्झला हा कोन सुमारे ३२ अंश असतो, १० गिगाहर्ट्झला ४१ अंश आणि ८.२ गिगाहर्ट्झला ५३ अंश. कटऑफजवळ तो ९० अंशांकडे जातो, म्हणजे तरंग जवळजवळ आडवाच आपटत राहतो आणि पुढे सरकतच नाही.

आता पहिल्या क्रमाची म्यूर सीमा (थर न वापरता टोकावरचे क्षेत्र एका सूत्राने ठरवणारी साधी शोषक सीमा) अशा गाइडच्या टोकाला लावली तर काय होते ते पाहावे. ही सीमा सरळ येणाऱ्या तरंगासाठी केलेली आहे. तिचे परावर्तन म्हणजे गाइड गुणकातून एक वजा करून आलेल्या आकड्याला गुणक अधिक एकने भागणे. १० गिगाहर्ट्झला याचे उत्तर उणे १७ डेसिबल येते आणि ८.२ गिगाहर्ट्झला उणे १२ डेसिबल. प्रोग्रॅममध्ये एकही चूक नसताना हे परावर्तन येते. म्यूरच्या सूत्रात प्रकाशाच्या वेगाऐवजी १० गिगाहर्ट्झचा गाइडमधला फेज वेग घातला, तर त्या एका वारंवारतेला परावर्तन तत्त्वतः नाहीसे होते, पण ८.२ ला ते पुन्हा उणे १९ डेसिबलच्या आसपास येते. एकाच वारंवारतेचे काम असेल तर ही युक्ती स्वस्त आणि पुरेशी आहे. संपूर्ण पट्टा हवा असेल तर पीएमएल (परफेक्टली मॅच्ड लेयर), म्हणजे तोंडाशी परावर्तन न करता तरंग आत घेऊन शोषणारा थर, लागतो.

## टप्पा २: ग्रिड आणि टाइमस्टेप

सेलचा आकार आधी तरंगलांबीवरून नव्हे, तर गाइडच्या मापावरून ठरवावा. रुंदी आणि उंची या दोन्हींना पूर्ण भाग जाईल असा आकार निवडावा. इथे ०.६३५ मिलिमीटर हा आकार चपखल बसतो: रुंदीत बरोबर ३६ सेल आणि उंचीत बरोबर १६. पट्ट्याच्या वरच्या टोकाला मोकळ्या जागेतली तरंगलांबी २४.२ मिलिमीटर आहे, म्हणजे एका तरंगलांबीत ३८ सेल मिळतात आणि ते पुरेसे आहेत. ०.६ किंवा ०.७ असा ‘सोयीचा’ आकार घेतल्यास भिंत ग्रिडच्या रेषेवर पडत नाही आणि रुंदी नकळत बदलते.

तिन्ही दिशांना सेल सारखे असताना टाइमस्टेपची कूरांट मर्यादा, म्हणजे जिच्यापुढे गणना अस्थिर होते ती, १.२२३ पिकोसेकंद येते. तिच्या ०.९९ पट, म्हणजे १.२१ पिकोसेकंद, घ्यावे. स्थिरतेसाठी टाइमस्टेप आणखी लहान करण्याची गरज नसते; तसे केल्याने अचूकता वाढत नाही, उलट ग्रिडमुळे येणारी फेजची चूक थोडी वाढतेच.

सावध: ३६ सेल म्हणजे ३७ नोड (क्षेत्राची मूल्ये जिथे ठेवतात ते बिंदू). भिंतीला समांतर असलेले विद्युत क्षेत्र पहिल्या आणि सदतिसाव्या नोडवर शून्य असायला हवे. ३६ नोडांची सरणी घेऊन तिच्या दोन्ही टोकांना शून्य ठेवले, तर गाइड ३५ सेलचा होतो आणि कटऑफ ६.७४ गिगाहर्ट्झवर सरकते. ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे, आणि एकदा स्वतःही केली आहे, की ती पकडण्याची वेगळी तपासणी टप्पा ६ मध्ये ठेवली आहे.

एक सोय लक्षात ठेवावी. टीई१० मोड उंचीच्या दिशेने बदलत नाही. त्यामुळे रिकाम्या गाइडच्या सगळ्या तपासण्या द्विमिती ग्रिडवर करता येतात: रुंदी आणि लांबी एवढेच अक्ष, विद्युत क्षेत्राचा एक घटक आणि चुंबकीय क्षेत्राचे दोन. त्रिमिती प्रोग्रॅमला जे तपासायला बराच वेळ लागतो ते इथे काही सेकंदांत होते. टाइमस्टेप मात्र त्रिमितीचाच ठेवावा, म्हणजे आकडे नंतर ताडून पाहता येतात.

## टप्पा ३: भिंती शोषक थराच्या आतपर्यंत न्याव्यात

शोषक थर फक्त गाइडच्या दोन टोकांना असावा. बाजूच्या भिंती धातूच्याच राहतात, आणि त्या थराच्या सुरुवातीला न थांबता थराच्या शेवटच्या सेलपर्यंत जायला हव्यात. गाइडचा आतला भाग हाच संपूर्ण ग्रिड असेल तर हे आपोआप घडते, कारण ग्रिडची कडा वाहक असते. पण गाइड हा मोठ्या हवेच्या पेटीत ठेवलेला धातूचा तुकडा असेल आणि त्याची लांबी थराच्या तोंडाशीच संपत असेल, तर तरंगाला ते उघडे टोक दिसते. गाइडचा छेद तिथे अचानक बदलतो आणि मोठे परावर्तन होते.

अशाच एका मॉडेलवर मी चार दिवस घालवले होते. थर ८ सेलचा असो वा २० सेलचा, परावर्तन एक दशांश डेसिबलनेही हलत नव्हते. खरे तर तेच उत्तर होते. थराची जाडी बदलूनही जे परावर्तन बदलत नाही ते थरातून येतच नाही. हे वाक्य तेव्हा माहीत असते, तर चौथ्या दिवशी त्रिमिती चित्र फिरवून पाहण्याऐवजी पहिल्याच दिवशी पाहिले असते.

गाइडमध्ये शेवटपर्यंत डायइलेक्ट्रिक भरलेले असेल तर तेही थराच्या आत तसेच चालू ठेवावे. मात्र लांबीच्या दिशेने आवर्ती रचना असलेला गाइड, उदाहरणार्थ ठरावीक अंतरावर छिद्रे असलेला, थरात नेल्यास तो थर पीएमएल राहत नाही. पीएमएलचे गणित लांबीच्या दिशेने एकसारखे माध्यम गृहीत धरते. तिथे शोषण अतिशय हळूहळू वाढत जाणारा लांब थर वापरावा लागतो आणि तो विषय वेगळा आहे.

## टप्पा ४: स्रोत

स्रोत म्हणून गाइडच्या एका छेदावर विद्युत प्रवाहाचा पडदा ठेवावा. त्याची तीव्रता रुंदीच्या दिशेने अर्ध्या साइन लहरीसारखी, भिंतींवर शून्य आणि मध्यभागी सर्वाधिक, असावी. पोकळ धातूच्या गाइडमध्ये टीई१० चा हा आकार वारंवारतेनुसार बदलत नाही, त्यामुळे एकाच आकाराने सगळा पट्टा उत्तेजित करता येतो. असा सममित स्रोत टीई२० ला हातही लावत नाही.

सावध: त्या छेदावरचे क्षेत्र ठरावीक मूल्याला ‘बांधून’ ठेवू नये. तसे केल्यास परत येणाऱ्या तरंगाला तो छेद धातूच्या पत्र्यासारखा दिसतो आणि तरंग पुन्हा उलट फिरतो. स्रोताचे मूल्य आधीच्या क्षेत्रात मिळवावे, क्षेत्राच्या जागी बसवू नये. असा पडदा दोन्ही दिशांना तरंग पाठवतो, म्हणून स्रोताच्या मागेही शोषक थर हवाच.

आता काळातला आकार. कॅरिअर (पल्सच्या आतली मध्यवर्ती वारंवारतेची लहर) नसलेला साधा गाउसियन पल्स घेऊ नये. त्याची बरीच ऊर्जा कटऑफच्या खाली असते; ती पुढे जात नाही, स्रोताभोवती साचून राहते आणि थर जवळ असेल तर त्यात शिरते. कॅरिअर १०.३ गिगाहर्ट्झचा आणि स्पेक्ट्रमचे प्रमाणित विचलन १ गिगाहर्ट्झ घेतले, तर ८.२ आणि १२.४ या दोन्ही टोकांना पातळी शिखरापेक्षा १९ डेसिबल खाली असते, जी मापनाला पुरते, आणि कटऑफवर ती ६१ डेसिबल खाली जाते. काळातले प्रमाणित विचलन यावरून १५९ पिकोसेकंद येते. पल्सचे शिखर याच्या पाच पट उशिरा, म्हणजे ८०० पिकोसेकंदांच्या सुमारास ठेवावे. दोन-तीन पटच उशीर ठेवल्यास पल्स सुरुवातीलाच कापला जातो आणि तो काप सगळ्या वारंवारता मिसळून टाकतो.

तपासणी: सिम्युलेशन चालवण्याआधी फक्त स्रोताच्या सूत्राचा स्पेक्ट्रम काढून पाहावा. ६.५६ गिगाहर्ट्झच्या खाली काही ठळक दिसत असेल तर पुढे जाऊ नये.

## टप्पा ५: पीएमएल थर

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून इथे थोडे थांबू. थरातली वाहकता एकदम चढवायची नसते. ती थराच्या तोंडाशी शून्यापासून सुरू करून आत बहुपदीप्रमाणे वाढवतात. तिसरा घात चांगला चालतो. शेवटच्या सेलजवळचे सर्वाधिक मूल्य ठरवण्यासाठी प्रचलित नियम असा: घातात एक मिळवावा, ०.८ ने गुणावे आणि मोकळ्या जागेचा प्रतिबाध गुणिले सेलचा आकार याने भागावे. आपल्या गाइडसाठी हे मूल्य दर मीटर १३.४ सीमेन्स येते.

हा नियम वापरला तर थरातून जाऊन, मागच्या वाहक भिंतीवर आपटून परत येताना तरंग किती क्षीण होतो याचे सूत्र फार सुटसुटीत होते: १३.९ गुणिले सेलची संख्या गुणिले गाइड गुणक, इतके डेसिबल. दहा सेलच्या थराला १० गिगाहर्ट्झला १०५ डेसिबल मिळतात, ८.२ गिगाहर्ट्झला ८३. आता ६.६ गिगाहर्ट्झ घ्यावे, जिथे गाइड गुणक केवळ ०.११४ आहे. तोच थर तिथे फक्त १६ डेसिबल देतो. थर बिघडलेला नाही. तरंग त्यात जवळजवळ आडवा शिरतो, एवढेच. म्हणून कटऑफच्या अगदी जवळचे निकाल हवे असतील तर आधी याच सूत्राने थराची जाडी काढावी, आणि ते नको असतील तर स्रोतातून ती ऊर्जाच वगळावी. दुसरा मार्ग नेहमीच स्वस्त पडतो.

वाहकता वाढवून हे टाळता येईल असे वाटते, पण येत नाही. वरचे सूत्र अखंड माध्यमाचे आहे. ग्रिडवर मात्र एका सेलपासून दुसऱ्या सेलपर्यंत वाहकतेची उडी मोठी झाली की थराच्या तोंडाशीच परावर्तन होते. सर्वाधिक मूल्य नियमाच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत बदलून पाहिले तर परावर्तनाच्या आलेखात दरी दिसते. डावीकडे मागच्या भिंतीवरून येणारे परावर्तन वरचढ असते, उजवीकडे तोंडाशी होणारे. आपल्या ग्रिडसाठी ही दरी एकदा काढून ठेवावी.

क्षयी तरंगांचा प्रश्न वेगळा आहे. साधा पीएमएल पुढे सरकणारा तरंग शोषतो; क्षयी तरंगाची तीव्रता मात्र थरात आपल्या नैसर्गिक गतीनेच कमी होते, थर त्यात काहीच भर घालत नाही. यासाठी सीपीएमएल हा पीएमएलचा सुधारित प्रकार वापरावा, ज्यात वाहकतेबरोबर अल्फा हे दुसरे प्राचल येते. अल्फा उलट्या दिशेने बदलते: थराच्या तोंडाशी सर्वाधिक, शेवटी शून्य. त्याला एक वारंवारता जोडलेली असते आणि तिच्या खाली थराचे शोषण क्षीण होत जाते. अल्फा दर मीटर ०.०५ सीमेन्स घेतल्यास ती ०.९ गिगाहर्ट्झ येते आणि आपला पट्टा सुरक्षित राहतो. अल्फा ०.५ घेतल्यास ती ९ गिगाहर्ट्झ होते, म्हणजे ऐन पट्ट्यात. कोणाच्या तरी प्रोग्रॅममधून अल्फा जसेच्या तसे उचलणाऱ्यांची हीच फसगत होते, कारण तो आकडा दुसऱ्याच वारंवारतेसाठी ठरवलेला असतो. कप्पा या तिसऱ्या प्राचलाचे मूल्य सुरुवातीला १ ठेवावे.

प्रोग्रॅम स्वतः लिहिणाऱ्यांसाठी तीन बारकावे:

1. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचे नोड अर्ध्या सेलने सरकलेले असतात, म्हणून दोन्हींसाठी वाहकतेची मूल्ये वेगवेगळ्या खोलीवर काढावी लागतात. एकच सरणी दोन्हींना लावल्यास प्रोग्रॅम चालतो, स्थिरही राहतो, पण परावर्तन कित्येक डेसिबलने वाढते आणि चूक दिसत नाही.
2. वाहकता आणि अल्फा दोन्ही शून्य असलेल्या नोडवर गुणकाच्या सूत्रात शून्याला शून्याने भागले जाते. तिथे गुणक शून्य धरावा.
3. टोकांचा थर फक्त लांबीच्या दिशेच्या अवकलजांना लागू होतो. टीई१० साठी असे दोनच अवकलज आहेत: विद्युत क्षेत्राच्या समीकरणात एक आणि आडव्या चुंबकीय क्षेत्राच्या समीकरणात एक. लांबीच्या दिशेच्या चुंबकीय क्षेत्राला थरामुळे काही जोडायचे नसते.

## टप्पा ६: रिकाम्या गाइडची तपासणी

गाइडची लांबी ३१५ सेल, म्हणजे २०० मिलिमीटर घ्यावी. स्रोत डाव्या थरापासून ४० मिलिमीटरवर ठेवावा, मधल्या भागात अक्षावर एकमेकांपासून बरोबर २० सेल अंतरावर दोन प्रोब (क्षेत्र नोंदवणारे बिंदू) ठेवावेत आणि दोन्हींचा काळातला सिग्नल फूरिये रूपांतराने वारंवारतेत न्यावा.

सिम्युलेशन किती वेळ चालवायचे, हे पल्सवरून नव्हे तर सगळ्यांत हळू जाणाऱ्या वारंवारतेवरून ठरते. ८.२ गिगाहर्ट्झचा भाग २०० मिलिमीटर अंतर १.१ नॅनोसेकंदात पार करतो, ७ गिगाहर्ट्झचा १.९ मध्ये आणि ६.६ चा ५.९ नॅनोसेकंदांत. पल्स संपायला १.६ नॅनोसेकंद लागतात. एकूण ६ नॅनोसेकंद, म्हणजे सुमारे ५,००० टाइमस्टेप, हा सुरुवातीला योग्य आकडा आहे. सिग्नल शिखराच्या एक हजाराव्या भागापर्यंत उतरण्याआधीच थांबवले, तर स्पेक्ट्रमवर उठणाऱ्या लाटा परावर्तनासारख्याच दिसतात.

तपासणी: १० गिगाहर्ट्झला दोन प्रोबमधला फेजचा फरक ११५ अंश यायला हवा. या ग्रिडवर ग्रिडमुळे येणारी चूक हजारात एकाहून कमी असते, त्यामुळे ११४ किंवा ११६ सुद्धा संशयास्पद मानावे. ११२.६ आले तर गाइड ३५ सेलचा झाला आहे. ११७.४ आले तर तो ३७ सेलचा आहे. १५२ अंशांच्या आसपास आले तर तरंग मोकळ्या जागेत असल्यासारखा चालला आहे, म्हणजे बाजूच्या भिंती मॉडेलमध्ये लागलेल्याच नाहीत.

## टप्पा ७: शोषक थराचे खरे परावर्तन मोजणे

हे मोजण्याचा भरवशाचा मार्ग एकच: तुलना. तेच ग्रिड, तोच स्रोत आणि तोच टाइमस्टेप ठेवून गाइड दोन्ही बाजूंना इतका लांबवावा, की टोकावरून परत येणारा कोणताही भाग नोंदीच्या वेळेत प्रोबपर्यंत पोहोचूच नये. ग्रिडवर सर्वांत पुढचा भाग प्रकाशाच्या वेगाने जाऊ शकतो, म्हणून ६ नॅनोसेकंदांसाठी प्रत्येक बाजूला ०.९ मीटर, म्हणजे सुमारे १,४२० सेल, वाढवावे लागतात. द्विमिती ग्रिडवर हे काहीच नाही. मग थर असलेल्या आणि लांब अशा दोन नोंदी टाइमस्टेपनिशी वजा कराव्यात. उरते ते फक्त थरांचे परावर्तन. त्याच्या स्पेक्ट्रमला लांब गाइडमधल्या स्पेक्ट्रमने भागले की परावर्तन गुणक वारंवारतेनुसार मिळतो.

आलेख वाचताना त्याच्या उंचीइतकेच त्याच्या आकाराकडे पाहावे. निरोगी थराचा आलेख कटऑफकडे चढत जातो आणि वर जाताना उतरतो. सगळ्या पट्ट्यात तो सपाट असेल तर गणनेतली पूर्णांकनाची मर्यादा गाठली आहे; एकेरी अचूकतेच्या प्रोग्रॅममध्ये उणे १०० डेसिबलच्या खालच्या आकड्यांवर फार विसंबू नये. बहुतेक कामांना उणे ६० डेसिबल पुरतात. मोजायच्या वस्तूचेच परावर्तन उणे २० असेल, तर थर उणे ९० पर्यंत खाली नेण्यात घालवलेला आठवडा वाया गेला असे समजावे.

## टप्पा ८: उत्तर माहीत असलेली वस्तू

खरा फिल्टर किंवा खरी खिडकी आत ठेवण्याआधी, जिचे उत्तर हाताने काढता येते अशी वस्तू ठेवावी. गाइडचा पूर्ण छेद भरणारा, सापेक्ष परवैद्युतांक २.१ असलेला १८ सेल जाडीचा ठोकळा यासाठी उत्तम आहे. त्याच्या आत अर्धी तरंगलांबी जेव्हा बरोबर ११.४३ मिलिमीटर होते, तेव्हा परावर्तन नाहीसे व्हायला हवे, आणि ती वारंवारता १०.१२ गिगाहर्ट्झ येते.

ठोकळ्याच्या दोन्ही तोंडांवर विद्युत क्षेत्राचे नोड येत असतील, तर तिथे हवा आणि ठोकळा यांची सरासरी, म्हणजे १.५५, घालावी. दोन्ही तोंडांवर २.१ घातल्यास ठोकळा १९ सेलचा होतो आणि परावर्तनाची दरी ९.६९ गिगाहर्ट्झवर सरकते. एका सेलची चूक आणि चारशेहून अधिक मेगाहर्ट्झचा फरक. तरीही आलेख दिसायला इतका सुबक असतो की पाहणाऱ्याला शंकाही येत नाही.

परावर्तन काढताना ठोकळा असलेल्या नोंदीतून रिकाम्या गाइडची नोंद वजा करावी आणि रिकाम्या गाइडच्या स्पेक्ट्रमने भागावे. प्रोबपासून वस्तूच्या तोंडापर्यंतच्या अंतराची फेज काढून टाकताना गाइडमधली तरंगलांबी वापरावी. ४० मिलिमीटर अंतराला गाइडमध्ये ३६३ अंश लागतात, मोकळ्या जागेत ४८०. जाऊन-येऊन ही चूक २३५ अंशांची होते, आणि ती वारंवारतेनुसार बदलत असल्यामुळे नंतर एखादा स्थिरांक वजा करून दुरुस्त होत नाही.

## टप्पा ९: खरी वस्तू आणि थरापासूनचे अंतर

गाइडमधली कोणतीही खिडकी, खांब किंवा पायरी स्वतःभोवती क्षयी मोड निर्माण करते. ते थराला किंवा प्रोबला लागण्याआधी विरायला हवेत. टीई२० मोड १० गिगाहर्ट्झला दर मिलिमीटरला १.५ डेसिबलने विरतो, पण १२.४ गिगाहर्ट्झला केवळ ०.७८ डेसिबलने. म्हणजे ४० मिलिमीटरवर पट्ट्याच्या मध्यभागी ६२ डेसिबल मिळतात आणि वरच्या टोकाला फक्त ३१. वस्तू रुंदीच्या दिशेने सममित असेल तर टीई२० निघतच नाही आणि टीई३० खूपच झपाट्याने विरतो. असममित असेल तर अंतर दुप्पट करावे. अंतर पुरेसे आहे का हे पाहण्याचा साधा उपाय म्हणजे प्रोब दहा सेल सरकवून पुन्हा चालवणे. फेज सुधारल्यानंतर उत्तर बदलले तर प्रोब क्षयी मोडमध्ये बसला आहे.

तीव्र अनुनाद असलेल्या वस्तूसाठी ६ नॅनोसेकंद पुरणार नाहीत. तिथे थांबण्याची अट वेळेवर न ठेवता उरलेल्या ऊर्जेवर ठेवावी.

## बिघाड कुठे आहे हे ओळखण्यासाठी

आलेखावर ठरावीक चढउतार असतील तर शेजारच्या दोन शिखरांमधले अंतर मोजावे. त्या ठिकाणचा समूह वेग या अंतराच्या दुपटीने भागला की परावर्तन करणाऱ्या दोन जागांमधली लांबी मिळते. १० गिगाहर्ट्झला शिखरे ०.५७ गिगाहर्ट्झ अंतरावर असतील तर ती लांबी २०० मिलिमीटर, म्हणजे दोन्ही टोके बोलत आहेत. तीच लांबी असेल तर ८.२ जवळ शिखरे ०.४५ वर येतात आणि १२.४ जवळ ०.६४ वर जातात. ती सगळीकडे सारख्याच अंतरावर असतील तर प्रकरण गाइडमधल्या तरंगाचे नाही. बहुधा नोंद लवकर कापली गेली आहे, आणि तेव्हा हे अंतर नोंदीच्या लांबीबरोबर बदलते.

थर जाड करूनही परावर्तन बदलत नसेल तर टप्पा ३ वर जावे. ते फक्त कटऑफजवळ मोठे असेल तर टप्पा ५ मधला गाइड गुणकाचा हिशेब पुन्हा करावा. सिग्नल विरल्यावर हजारो टाइमस्टेपनंतर क्षेत्र हळूहळू वाढू लागले तर आधी थरातल्या वाहकतेचे चिन्ह आणि अर्ध्या सेलचे अंतर पाहावे, मग टाइमस्टेप. आणि पल्स जाऊनही प्रोबवर एक स्थिर, न हलणारे मूल्य उरत असेल तर दोष स्रोताचा आहे: पल्समध्ये शून्य वारंवारतेचा अंश राहिला आहे आणि तो स्रोताच्या जागी स्थिर क्षेत्र म्हणून चिकटून बसला आहे.